कानाची यादी

शाळेत सगळे त्यांना यादीबाई म्हणत. दारावर 'मार्गदर्शक' अशी पाटी होती, पण पाट्या वाचतो कोण? शेवटच्या वर्षाची मुलं त्यांच्याकडे एकाच कामासाठी येत. कुठल्या कॉलेजांना अर्ज करायचे, त्याची यादी करायला. मुलं येत, त्यांचे आईबाप येत, कधी कधी बोलावलं नसताना काका-मामाही येत आणि मुलापेक्षा जास्त बोलत.

बाईंची पद्धत साधी होती. टेबलामागच्या कपाटाला तीन फळ्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून त्या प्रत्येकाला तेच सांगायच्या. वरच्या फळीवर टाचा उंचावल्या तर हाताला लागतील ती कॉलेजं. मधल्या फळीवर आपल्या मापाची. खालच्या फळीवर हमखास मिळतील ती. "आणि खालच्या फळीवर नावडतं काही ठेवायचं नाही. वेळ आली तर तेच उचलावं लागतं. मग माझ्यापुढे रडत यायचं नाही." आईबाप सगळी यादी वरच्या फळीवर रचायला बघत आणि मुलं मैत्रिणीची यादी जशीच्या तशी उतरवून आणत. बाई दोघांनाही सरळ करत. मूल दारातून आत आलं की मला त्याचं कॉलेज दिसतं, असं त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणायच्या. हा गर्व होता असं नाही, पण गर्वाची सख्खी बहीण नक्कीच होती.

तर अशा बाईंना एका मुलीनं हात टेकायला लावले. तिला मैत्रिणी 'खडी' म्हणत, कारण तिच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा दगड जास्त. रस्ता खोदलेला दिसला की ही वाकलीच. गुण उत्तम, बोलणं मोजकं, आणि विषय एकच: पृथ्वीच्या पोटात काय आहे.

बाईंना तिच्या दोन गोष्टी खटकायच्या. पहिली खुर्चीची. येणाऱ्याची खुर्ची टेबलाच्या कपाटाकडच्या बाजूला ठेवलेली असायची. खडी आली की ती खुर्ची करकरत ओढायची, पार दुसऱ्या बाजूला न्यायची आणि मग बसायची. दर भेटीला हेच. ती गेली की बाई पुटपुटत खुर्ची परत जागेवर आणायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे, बाई कपाटात काही शोधता शोधता बोलल्या, तर ही भलतंच उत्तर द्यायची किंवा नुसतं "अं?" म्हणायची.

"हुशार आहे, पण बूड स्थिर नाही आणि चित्तही," बाईंनी गणिताच्या सरांना सांगून टाकलं. सर मान डोलावून चहा पीत राहिले.

तरीही यादी छान झाली होती. मधल्या फळीवर शहराच्या पलीकडचं मोठं कॉलेज होतं. दगडांचा विषय पूर्ण शिकवणारं, त्याच्यासाठी वेगळी इमारत असलेलं तेवढं एकच. बाकी ठिकाणी तो विषय भूगोलाच्या पोटात कुठेतरी कोंबलेला असायचा. त्या इमारतीचं नाव निघालं की खडीचा चेहरा असा उजळायचा, की बाईंनाही स्वतःचं कौतुक वाटायचं.

दर वर्षी बाई मुलांना शाळेच्या बसने एखादं कॉलेज दाखवायला नेत, आणि तेही सजवलेल्या दिवशी नाही. "पाहुण्यांसाठी आवरलेलं घर बघून काय कळणार? रोजचं बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वर्षी त्यांनी मोठं कॉलेज निवडलं. मुलांना थेट चालू वर्गात बसवलं. वर्ग कसला, उतरत्या बाकांचं दालनच ते. पोरं दाटीवाटीने बसलेली. खडीला जागा मिळाली ती अगदी डाव्या टोकाला, फळा पार उजव्या हाताला. बाई तिच्या मागच्या रांगेत होत्या.

शिकवणारे गृहस्थ गमतीशीर होते. खिशातून एक दगड काढून म्हणाले, "हा माझ्या सासऱ्यांपेक्षा जुना आहे, पण स्वभावानं मऊ." सगळं दालन हसलं. खडी हसली नाही. तिनं शेजारच्या मुलीकडे पाहिलं, ती हसतेय हे बघितलं, आणि मग हसली. क्षणभरच उशीर. थोड्या वेळानं पुन्हा विनोद झाला. पुन्हा तसंच. आधी बघणं, मग हसणं.

बाईंच्या कपाळावर आठी आली, पण अजून नीट काही उमगलं नव्हतं. ते उमगलं परतीच्या बसमध्ये. त्या मुद्दाम खडीशेजारी जाऊन बसल्या. खडी चटकन उठली, "बाई, तुम्ही खिडकीशी बसा ना," म्हणाली आणि त्यांना आपल्या डाव्या हाताला घेऊन बसली. बाईंना खुर्ची आठवली. कपाट आठवलं. ते "अं?" आठवलं. कपाटाकडच्या खुर्चीत बसलं की बाईंचा आवाज यायचा तो उजव्या बाजूने. या पोरीला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि आपण सगळीकडे सांगत सुटलो होतो की तिचं बूड स्थिर नाही! बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अशा वेळी माणसानं जरा शांत बसावं. पण बाई शांत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्यातली दया एकदम कामाला लागली. सुट्टीचा अख्खा दिवस त्यांनी कॉलेजांना फोन लावण्यात घालवला. वर्गात मुलं किती? बाक कसे? जिथे वर्ग लहान, गोल टेबलाभोवती बसतात, शिकवणाऱ्याचा आवाज खणखणीत, अशी कॉलेजं त्यांनी वेचून काढली. मोठं कॉलेज काढून टाकलं. नवी यादी छापली. आणि पुढच्या भेटीच्या आधी खुर्ची स्वतःच दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.

खडी दारात आली. खुर्चीकडे तिची नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली. तिचा चेहरा पडला, मग लाल झाला. ती आत आली, खुर्चीला हात घातला, करकरत ओढत परत कपाटाकडे आणली आणि बहिरा कान बाईंच्या बाजूला करून बसली.

"बोला," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

बाईंनी नवी यादी पुढे सरकवली. खडीनं ती वाचली. दोनदा वाचली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही गं." बाई उठून तिच्या डावीकडे आल्या. "त्या दिवशी वर्गात तू उशिरा हसलीस."

हे लागलं तिला. बाईंना ते दिसलं, आणि जीभ चावावीशी वाटली.

"आईनं शिकवलंय तसं," खडी म्हणाली. "कुठे बसायचं, कुणाला कुठल्या हाताला घ्यायचं, नाही ऐकू आलं तर कधी हसायचं. आजपर्यंत कुणालाही कळलं नव्हतं." तिनं कागद उलटा करून ठेवला. "पण ही कानाची यादी झाली, बाई. माझी कुठाय?"

बाईंच्या आयुष्यात पुष्कळ मुलांनी पुष्कळ याद्या नाकारल्या होत्या. कुणाला वसतिगृह आवडलं नव्हतं, कुणाला नाव. पण असं कुणी बोललं नव्हतं.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "जुनी यादी फाडलेली नाही. काढते."

"काढून काय उपयोग? पालकांची सही लागते ना? आई मोठ्या कॉलेजवर सही करायची नाही. तिथे लोकांना कळेल असं तिला वाटतं." खडी उठली. उलटा ठेवलेला कागद तिनं दप्तरात, दगडांबरोबर कोंबला. "दाखवते तिला ही. खूश होईल."

आणि खरोखरच आई खूश झाली. दोन दिवसांनी ती खडीला घेऊन शाळेत हजर. इस्पितळात नर्स होती, पाळी संपवून गणवेशातच आलेली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बसताना मुलीच्या डाव्या हाताची जागा तिनं अशी अचूक घेतली, की आपण असं काही करतोय हे तिच्या ध्यानीमनीही नसावं.

"बाई, किती विचार करून केलीत हो यादी," ती म्हणाली. "माझ्या जिवाचा घोर मिटला. आणा, सही करते."

आपलीच चूक अशी गोड बोलत समोर येऊन बसेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"ताई, ती यादी चुकलीय," त्या म्हणाल्या. "ती मी हिला न विचारता केली. हिला जे शिकायचंय ते त्यातल्या एकाही ठिकाणी धड शिकवत नाहीत. हिच्या मापाचं कॉलेज हे आहे." त्यांनी जुनी यादी पुढे केली.

आईनं कॉलेजचं नाव वाचलं आणि कागद बाजूला सारला. "तिथे एकेका वर्गात चारचारशे मुलं असतात म्हणे. हिला ऐकू नाही आलं तर?"

"तर सांगेन," खडी म्हणाली.

"कुणाला?"

"शिकवणाऱ्यांना. शेजारच्यांना. कुणालाही."

"आजवर कुणाला सांगितलंयस?"

आईनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळेच झोंबलं. बाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बोलायची इतकी सवय असलेल्या बाईंना ते किती जड गेलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग खडीनं बाईंच्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला.

"कुणाला लावतेस?" आई घाबरली. "आणि फोनवर तुला नीट..."

"आई, फोनला एकच कान लागतो."

बाईंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. खडीनं कागदावरचा नंबर फिरवला, रिसीव्हर डाव्या कानाला लावला आणि उठून उभी राहिली. तिचा मोकळा हात फोनच्या वायरीला पीळ घालत होता.

"नमस्कार. दगडांच्या... भूशास्त्राच्या विभागातून बोलताय का? मला अर्ज करायचाय. त्याआधी एक विचारायचं होतं." ती थांबली. तिनं श्वास घेतला. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. तर मला वर्गात उजव्या टोकाची जागा रोज मिळेल का?"

ती बोलली. आई खुर्चीच्या टोकावर सरकली.

पलीकडचा कारकून म्हातारा असावा, आणि भला असावा. पोरीला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यानं आपल्या परीने मदत केली, म्हणजे तो ओरडायलाच लागला. त्याचा आवाज रिसीव्हरमधून साऱ्या खोलीत घुमला. "मिळेल की! न मिळायला काय झालं! सरांना आधी येऊन सांगा! पाटी लावून ठेवू!"

"काका, ओरडू नका. फोनचा कान चांगलाय."

"हो का! बरं बरं!" आवाज तसूभरही कमी झाला नाही. "जन्मापासून का हो?"

"नाही. पाच वर्षांची असताना ताप आला होता."

"अरेरे! मग तेव्हा वेळेवर दाखवलं नाही का कुणी?"

बाईंनी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून गणवेशाचं टोक घडी करत होती, पुन्हा उलगडत होती. इस्पितळातल्या साऱ्या रोग्यांचा ताप मोजणारी बाई, आणि घरच्या पोरीचा कान तापात ठणकत होता, तेव्हा साधी कानदुखी समजून दोन दिवस नुसते थेंब घालत राहिली. हे तिनं बाईंना नंतर सांगितलं. तेव्हा सांगायची गरज नव्हती. ते तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि बहुधा इतकी वर्षं तिथेच होतं. मुलीचा कान लोकांपासून लपवत होती असं दिसायचं खरं. लपवत होती ती स्वतःचे ते दोन दिवस.

खडीनं वायर सोडली. आईकडे वळून पाहिलं आणि फोनमध्ये बोलली, हळू, एकेक शब्द वेगळा करून.

"दाखवलं होतं काका. माझी आई नर्स आहे. तिनं तिला जमलं ते सगळं केलं. कुणाची काही चूक नव्हती."

"हो, हो, तसंही असतं!" कारकून ओरडला. "बरं, आणखी काही?"

"हो," खडी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम निराळा झाला, खोदलेल्या रस्त्यावर वाकणाऱ्या पोरीचा. "तुमच्याकडे दगड कापायचं यंत्र आहे ना? ते पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावू देतात का?"

आईनं डोळे पुसले. ती उठली, टेबलाला वळसा घालून खडीजवळ गेली, आणि बाईंची जुनी यादी पुढे ओढली.

"कुठे करायची गं सही?" तिनं विचारलं.

ती खडीच्या उजव्या बाजूला उभी होती. इतक्या वर्षांत अशी चूक तिच्याकडून झाली नव्हती. खडीला ते ऐकू गेलं नाही. ती यंत्राबद्दल विचारण्यात गढून गेली होती.

बाईंनी मुकाट्याने बोट ठेवून जागा दाखवली.