सतरा नंबरची ओळ

“साठ प्रश्न झाले, एकच राहिला. पाचच्या आत निपटाव ना, मिलिंदभाई,” प्रितेश म्हणाला आणि केबिनमधून बाहेर पडता पडता त्याने मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली. प्रितेश गोदामाचा मॅनेजर, माणूस तसा मनाने बरा. थाप मायेची होती, निरोपाची असते तशी.

भिवंडीबाहेरच्या त्या पत्र्याच्या अवाढव्य गोदामात मिलिंद अकरा वर्षं प्रोग्रॅमर होता. आत मांडण्यांच्या चोवीस ओळी. कुठल्या बाईने कुठल्या ओळीतून कुठला खोका काढायचा, हे तिच्या हातातल्या मशीनला सांगणारा प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहिलेला. गेल्या महिन्यात कंपनीने एआय आणलं आणि त्या यंत्राने तो सगळा प्रोग्रॅम चार दिवसांत नव्याने लिहून टाकला. जिथं उलगडा झाला नाही तिथं तेवढे प्रश्न काढले. एकसष्ट. शुक्रवारी दुपारी गाड्या भरणं तासभर का थांबतं? कारण हमाल नमाजाला जातात. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला मेणबत्त्या का ठेवत नाहीत? कारण पत्रा तापतो. असे.

मिलिंदने इमानाने उत्तरं दिली. खोटं कशाला बोला, पहिल्या दहा-पंधरा प्रश्नांना त्याला बरंच वाटलं होतं. त्याचे वडील यादवराव विहारात पेटीवर गाऊन धम्माच्या गोष्टी सांगायचे. गोष्ट रंगात आली की पेटी थांबवायचे आणि म्हणायचे, आता शंका विचारा. मागे बसलेल्या एखाद्या म्हातारीने विचारलं की त्यांचा चेहरा उजळायचा. हे यंत्रही तसंच मन लावून ऐकत होतं. पण यादवरावांची म्हातारी पुढच्या रविवारी नवी शंका घेऊन परत यायची. इथं दिलेलं उत्तर गेलं ते गेलं, आणि तेवढा मिलिंद कमी झाला. विसाव्या प्रश्नापासून त्याला जेवण जाईना. बायकोने, धम्मदिनाने, विचारलं की तो अ‍ॅसिडिटीचं नाव सांगायचा.

एकसष्टावा प्रश्न स्क्रीनवर होता. ‘कामगार ४१२ हिला सतराव्या ओळीतलं काम कधीच दिलं जात नाही. नियमाशेजारी फक्त “काढू नका – मि.” असं लिहिलं आहे. कारण कळवा. कारण न मिळाल्यास नियम वगळला जाईल.’

४१२ म्हणजे गंगू. अकलोली गावाच्या पलीकडे डोंगराकडेच्या पाड्यावरून यायची. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा इथंच कामाला होता. सतराव्या ओळीत वरच्या फळीवरचा खोका काढताना तो पडला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. कंपनीच्या कागदात ‘एक कंत्राटी मजूर’ एवढंच आलं. चार महिन्यांनी गंगू त्याच्या जागी लागली आणि पहिल्याच दिवशी मशीनने तिला सतराव्या ओळीत पाठवलं. ती ओळीच्या तोंडाशी वीस मिनिटं नुसती उभी राहिली. मिलिंदने काचेतून ते पाहिलं आणि त्या संध्याकाळी कुणाला न विचारता प्रोग्रॅममध्ये तीन ओळी लिहिल्या. कुणाला सांगितलंही नाही, गंगूलासुद्धा.

आता खरं लिहावं तर ही बाई काम नाकारते असं वरचे म्हणणार, आणि प्रोग्रॅम परस्पर फिरवल्याचा ठपका त्याच्यावर. गप्प बसावं तर सोमवारी नवा प्रोग्रॅम सुरू होताच ती पुन्हा त्या तोंडाशी उभी. आणखी एक विचार मनात येत होता, त्याची त्याला लाज वाटली. मुदत मागून घ्यावी. जोवर हा एक प्रश्न बाकी, तोवर आपणही बाकी.

चार वाजता चहाची सुट्टी झाली तसा तो लॅपटॉप घेऊन खाली उतरला. बाया पुठ्ठे अंथरून बसल्या होत्या. खोक्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून त्याने हलक्या आवाजात गंगूला सगळं सांगितलं.

गंगूने चहाचा कप खाली ठेवला. “माला वाटायचं मशीनलाच कलतं,” ती म्हणाली. “तुम्ही केलेलं व्हय.”

खऱ्या कारणाने तिचं कामही जाऊ शकतं, हे त्याने लपवलं नाही. गुडघा दुखतो असं टाकू का, म्हणून विचारलं.

“गुडघा नको. माजा गुडघा बरा हाय.” तिने स्क्रीनकडे बोट केलं. “झालं तेच लिवा. त्यांचं नाव पन लिवा. कंपनीच्या कागदावर कुटंच न्हाय ते.”

मिलिंदने पूर्ण नाव विचारलं. गंगूने शेजारच्या पार्वतीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही; ती रीत तिने त्याच्या मागेही पाळली होती.

“बुधा काळू सवर,” पार्वती म्हणाली.

गंगूने मान हलवली. काळू हा तिचा चुलत सासरा. पार्वतीने आणखी एक नाव सांगून पाहिलं, तेही चुकलं. मग पार्वती हसून म्हणाली, “तुज्या सासऱ्याला मी कदी पायला गं बाई?” कुणी दुसरं तिच्या पाड्यावरचं तिथं नव्हतं. घड्याळात साडेचार होत आले होते.

गंगूने पदराला हात पुसले. उठून लॅपटॉपपाशी आली आणि त्यालाच सांगावं तसं सावकाश म्हणाली, “बुधा काशा सवर.”

पार्वतीने खाली बघितलं.

मिलिंदने लिहिलं: ‘इथे बुधा काशा सवर काम करताना वरून पडून वारला. कामगार ४१२ त्याची पत्नी आहे. तिला या ओळीत पाठवू नये. हा नियम मी माझ्या जबाबदारीवर घातला. मिलिंद.’ तिला वाचून दाखवलं. नावापाशी तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग मान डोलावली. त्याने बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. दोन ओळींचं.

“काय म्हनतं?” गंगूने विचारलं.

“नियम राहिला.”

“आन् खालचं?”

“खाली लिहिलंय, तुम्हाला विचारायचं आता काही उरलं नाही.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर परत बसताना डबा मांडीवर घेतला, पार्वतीला कोपराने जरा पलीकडे सरकवलं, आणि त्याच्यापुरती जागा केली.