मुका गवई

मी सायरन बोलतोय. माझ्या तोंडी 'बोलतोय' हा शब्द जरा विचित्रच, कारण माझा जन्म बोलण्यासाठी झालेला नाही, ओरडण्यासाठी झाला आहे. पोलिसांच्या एका गाडीच्या टपावर, लाल आणि निळ्या दिव्याच्या मधोमध माझी जागा होती. ठाण्यात सगळे मला भोंगा म्हणत. एकटा तात्या मला गवई म्हणायचा.

एका लांबट शेडमध्ये मी तयार झालो. तिथं एक बाई कानांवर जाड टोप्या चढवून दिवसभर नवे सायरन वाजवून बघायची. माझे दोन्ही सूर, लांब आणि तुटक, तिनं नीट ऐकले आणि टोप्या काढत शेजारणीला म्हणाली, "हा बहिऱ्यालासुद्धा झोपेतून उठवेल." मग मला खोक्यात भरलं. ती माझी पहिली शाबासकी. तशी पुन्हा फारशी वाट्याला आली नाही. जो तो माझ्या नावानं कानांत बोटं घालतो.

तात्या आमच्या गाडीचा चालक. वयानं पन्नाशीकडे झुकलेला, मिशी पांढरी, हात मात्र चाकावर लोण्यासारखा. सकाळी गाडी पुसताना तो टपावर फडकं घेऊन चढायचा, माझ्या तोंडातली धूळ काढायचा आणि दोन टिचक्या मारून विचारायचा, "काय गवई, गळा बरा आहे ना?"

खालून कुणी ना कुणी टोमणा मारायचं. "तात्या, घरी बायकोला तरी विचारता का असं?"

"तिला विचारायची सोय नाही. ती लगेच वाजायला लागते."

टपावरून माणसं छान दिसतात. मी वाजलो की प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या मनात डोकावतो आणि मग रस्त्याकडे बघतो. ज्यानं काहीच केलेलं नाही तोही उगाच सरळ बसतो. हातगाडीवाला गाडी कडेला घेतो. आई मुलाचा दंड धरते. रस्ता दुभंगतो आणि आम्ही मधून निघून जातो. हा रस्ता मोकळा करणं हेच माझं खरं काम. पुढे पळणाऱ्यासाठी मी वाजतो असं लोकांना वाटतं. पळणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी वाजतो ते बाकीच्यांसाठी.

आता ठाण्यातल्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

नियम असा होता की कुणाच्या मागे गाडी घातली, तर सायरन लावायचा आणि वायरलेसवर नियंत्रण कक्षाला सांगायचं: कोण आहे, काय केलंय, वेग किती. कक्षातून कधी 'चालू ठेवा' असं उत्तर यायचं, कधी 'सोडून द्या'. हे 'सोडून द्या' कुणालाच आवडत नसे. तेव्हा ठाण्यानं आपल्यापुरती एक वाट काढली. मला वाजवायचंच नाही. मी वाजलो नाही तर तो पाठलाग नाही, आणि पाठलाग नाही तर कक्षाला कळवायचं कारण नाही. या प्रकाराला त्यांनी नावही ठेवलं होतं, 'मुकं जाणं'. "मुकं गेलो आणि धरला," असं कुणी सांगितलं की सगळ्यांना सगळं कळायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सवय झाली की माणसाला ती नियमापेक्षा जुनी वाटू लागते.

त्या दिवशी दुपार कलली होती. शाळा-कॉलेज नुकतं सुटलं होतं. बाजारपेठेच्या वळणावर साहेबांनी, म्हणजे आमच्या गाडीवरच्या अधिकाऱ्यांनी, एका मोटारसायकलला हात दाखवला. वर दोघं. पुढचा सतरा वर्षांचा, मागचा त्याच्याहून लहान. डोक्यावर हेल्मेट नाही, खिशात परवाना नाही, गाडी पुढच्याच्या काकाची. बाकी गुन्हा म्हणाल तर काही नव्हता. पुढच्यानं हात पाहिला, क्षणभर गाडी मंदावली, आणि मग एकदम वळवून त्यानं गोदामांच्या रस्त्याला घातली.

"घे मागे," साहेब म्हणाले.

तात्यानं गाडी वळवली आणि त्याचा हात सवयीनं माझ्या बटणाकडे गेला.

"राहू दे. मुकंच जाऊ. आत्ता हाताशी येतील."

"साहेब, पुढचा आपल्या शिंपीणबाईंचा मुलगा. घर माहितीये मला. संध्याकाळी जाऊन कान उपटू."

"घर माहितीये म्हणून रस्त्यात सोडायचं? उद्या मग हात दाखवल्यावर थांबेल कोण?"

तात्याचा हात परत चाकावर गेला. आमचे दिवे बंद होते आणि मीही गप्प होतो. दोन्ही बाजूंना गोदामांच्या उंच भिंती, पुढे चौक. मोटारसायकल चौकाजवळ आली तेव्हा पुढच्यानं मान वळवून मागे पाहिलं. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. टँकरवाल्याला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं आणि ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

मी सगळं पाहिलं. सांगण्यासारखं एवढंच की दोघंही जागच्या जागी गेले, आणि तात्या गाडीतून उतरून धावला तेव्हा त्याच्या पायात एकच बूट होता. दुसरा ब्रेकपाशी अडकून गाडीतच राहिला होता.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की पाठलाग झालेला नाही, गाडीचा सायरन बंद होता, पोलीस नेहमीची गस्त घालत होते. मोटारसायकल चालवणारा भरधाव व बेदरकारपणे गाडी चालवून स्वतःच्या आणि साथीदाराच्या मृत्यूस कारणीभूत ठरला. म्हणजे मी गप्प होतो, हाच पुरावा झाला.

मग गावभर चर्चा. ठाण्यासमोरच्या चहाच्या दुकानापाशी गाडी उभी असायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"थांबले असते तर काय फाशी देणार होते? दंड भरला असता, घरी गेले असते."

"पोरं आहेत हो ती. घाबरली."

"घाबरायला काय झालं? माझा मुलगा नाही घाबरत."

"तुमच्या मुलाला गाडी येते का आधी?"

"आई-बापांनी लक्ष ठेवायचं नाही, आणि मेलं की पोलिसांच्या नावानं बोंबलायचं!"

"अहो, हेल्मेटपायी जीव घ्यायचा?"

"जीव पोलिसांनी घेतला का? टँकरनं घेतला."

"मग टँकरवाल्याला धरा."

"त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

असं फिरत फिरत बोट शेवटी त्या पोरावरच यायचं. तो उत्तर द्यायला नव्हता, ही मोठी सोय होती.

सगळ्यात जास्त भाजलं ते शिंपीणबाईंना. त्यांच्या दुकानासमोरच घड्याळजींचं दुकान होतं, आणि मागे बसलेला मुलगा घड्याळजींचा. दोन्ही घरांचं येणंजाणं होतं, डबे इकडून तिकडे जायचे. अहवाल आल्यावर घड्याळजी रस्ता ओलांडून आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरानं माझ्या पोराला नेलं. लिहून आलंय आता." बाईंनी मशीनवरचा पाय काढला नाही, की मान वर केली नाही. आमची गाडी तेव्हा पलीकडे उभी होती. तात्यानं काच वर घेतली, पण ती वर घेऊन काही उपयोग झाला नाही.

बाई मग अर्ज-विनंत्या करत राहिल्या. त्यांचं मागणं एकच होतं. मुलगा पळाला, हे त्या नाकारत नव्हत्या. पण दोन मरणं एकट्या त्याच्या माथ्यावर ठेवू नका, त्यात 'पाठलाग' हा शब्द घाला, एवढंच त्या म्हणत होत्या.

शेवटी पालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी ठरली. एक निवृत्त न्यायाधीशबाई ऐकायला बसल्या. पाहणीसाठी आमची गाडी सभागृहाच्या खिडकीला लागून उभी केली होती, आणि गर्दीमुळे खिडक्या उघड्या होत्या. शिंपीणबाई पहिल्या रांगेत. घड्याळजी त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या खुर्च्या रिकाम्या, तिथं कुणी बसायला धजत नव्हतं.

टँकरवाला आधी उठला. थोराड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा. "माझी काच खाली होती, बाई. पुढच्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो मागे बघत होता. भोंगा ऐकला असता तर मी चौकाच्या आधीच उभा राहिलो असतो. आम्ही उभे राहतोच."

साहेब उठले. शांतपणे म्हणाले, "एवढ्या अंतरावरून, इंजिनच्या आवाजात, ऐकू आलं नसतं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग वाजवून बघू की."

टँकरवाल्याला बाहेरच्या रस्त्याच्या टोकाला पाठवलं, अंतर मोजून. इंजिन चालू ठेवायचं, ऐकू आलं की हात बाहेर काढायचा. तात्या बाहेर आला, गाडीत बसला. त्या दिवशी त्यानं मला टिचक्या मारल्या नाहीत. बटण दाबलं.

मी वाजलो. कारखान्यातल्या त्या बाईनं ऐकला होता तसाच. सभागृहात लोकांनी कानांवर हात ठेवले, एक बाळ रडायला लागलं. शिंपीणबाईंनी कान झाकले नाहीत. आणि रस्त्याच्या टोकाला, मी पहिला सूर पुरा करायच्या आत, टँकरच्या खिडकीतून हात बाहेर आला. तात्यानं मला बंद केलं तरी तो हात आत गेला नाही. कुणीतरी जाऊन त्या माणसाला खाली उतरवलं, तेव्हा गेला.

तात्याला पुढे बोलावलं. प्रश्न न्यायाधीशबाईंनी विचारायचा होता, पण शिंपीणबाईच उभ्या राहिल्या.

"तात्या, तुमच्या गणवेशाची बटणं मी लावून दिलीत. एक विचारते. माझा मुलगा पळाला. नाही म्हणत नाही मी. पण मागे कुणी नव्हतंच, तर तो मान वळवून बघत काय होता?"

साहेब हळूच म्हणाले, "तात्या, शब्द जपून."

तात्यानं टोपी काढून हातात घेतली होती. तिची कड तो चाकासारखी फिरवत होता.

"आम्हाला, ताई," तो म्हणाला. "आम्हाला बघत होता."

मग न्यायाधीशबाईंकडे वळून म्हणाला, "पाठलागच होता तो. मुका होता, म्हणून काही वेगळा नव्हता. आमच्यात तशी पद्धत पडलीये. साहेबांनी 'मुकं जाऊ' म्हटलं हे खरं, पण चाक माझ्या हातात होतं आणि बटणही. आधी हेच विचारा की घर माहीत असताना आम्ही मागे का गेलो."

चर्चा काही तिथं मिटली नाही. अहवाल मात्र बदलला. त्यात आता पळणाऱ्या मुलाची चूक आहे, साहेबांच्या हुकमाची आहे, तात्याच्या हाताची आहे, आणि 'पाठलाग' हा शब्द आहे. नवीन आदेश निघाला: ओळख पटली असेल आणि गुन्हा किरकोळ असेल तर मागे जायचं नाही, जायचंच तर सायरन लावून, कक्षाला सांगून. चहाच्या दुकानापाशी काही जण म्हणतात, पोलिसांचे हात बांधले. काही म्हणतात, उशिरा बांधले. दोन्ही बाजूंचे लोक चहा एकाच किटलीतला घेतात.

त्या संध्याकाळी सभागृह रिकामं होताना मी एक पाहिलं. शिंपीणबाई बसूनच होत्या. घड्याळजी उठले, दाराकडे गेले, परत आले. बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग एक रिकामी खुर्ची सोडून बसले. एक खुर्ची मधे होती, ती होतीच.

आमची गाडी पुढे मोडीत निघाली. मला काढून सामानाच्या खोलीत फळीवर ठेवलं आहे, शेजारी फुटके आरसे आणि एक पंक्चर स्टेपनी. तात्याला गाडीवरून उतरवलं. तो आता याच खोलीत टेबलाशी बसतो. तो माझ्याकडे फारसा बघत नाही. पण परवा फळ्या पुसता पुसता माझ्यापाशी थांबला, तोंडातली धूळ काढली आणि पहिल्यांदाच परत दोन टिचक्या मारल्या. विचारलं मात्र काही नाही.

माझा गळा बरा आहे, तात्या. लवकरच मला दुसऱ्या गाडीवर चढवणार म्हणतात. त्या गाडीवर जो बसेल त्याला एवढंच सांग: कुणाच्या मागे जायचं की नाही, हे आधी दोनदा ठरव. आणि गेलासच, तर मला वाजू दे. पुढे पळणाऱ्याला तू दिसतच असतोस. भिंतीपलीकडून कुणीतरी काच खाली करून येत असतो, त्याच्यासाठी.