न खणलेला अर्धा

रविवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा थापाड्या आपल्या दहाव्या कादंबरीत एका थडग्याचं झाकण उघडत होता. थापाड्या हे त्याचं घरातलं नाव, ताईनेच पाडलेलं. बाहेर मात्र त्याचा दबदबा होता. विज्ञान आणि पुरातत्त्व घुसळून थरार काढावा तर यानेच, असं लोक म्हणत, आणि पुस्तकाच्या मागे दर वेळी ठळक छापलेलं असे, 'यातलं प्रत्येक मोजमाप खरं आहे.'

"जुने बूट घालून टेकाडावर ये," ताई म्हणाली. "आणि काही खाऊन येऊ नकोस."

ताई हाडांची तज्ज्ञ. त्या टेकाडावर चार हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा साथीत गेलेल्या लहान मुलांच्या कबरी होत्या. अकरा वर्षं खपून तिने त्यातल्या निम्म्या उघडल्या आणि निम्म्या मुद्दाम सोडल्या. तिच्या सरांनी तिला तसंच शिकवलं होतं. सगळं कधी खणायचं नाही. पन्नास वर्षांनी आपल्यापेक्षा शहाणं कुणीतरी चांगली यंत्रं घेऊन येईल, त्याच्यासाठी अर्धं ठेवायचं. न खणलेल्या त्या अर्ध्यावर तिने वाळू पसरली, गवत वाढू दिलं. त्यावरून ती चालतसुद्धा नसे.

आता थापाड्याचा पराक्रम ऐका. दोन वर्षांपूर्वी 'तुम्ही लोक कसं लिहिता ते बघू दे' म्हणून त्याने ताईची खोदकामाची वही मागून नेली होती. तीत न खणलेल्या एका कबरीची, शेजारच्या कबरींवरून ताडलेली जागा होती: मोजणीच्या दगडापासून उत्तरेला एक्केचाळीस मीटर, पूर्वेला सतरा, खोली एक मीटर साठ. हे आकडे त्याने जसेच्या तसे नवव्या कादंबरीत उतरवले. एखादा पुढेमागे केला असता तर काही बिघडत नव्हतं. पण बनावट आकडा वाचकाला लगेच कळतो, असं त्याचं ठाम मत होतं, आणि मुलाखतींत तो ते मिशीला पीळ भरत सांगायचा. टेकाडाचं नाव तेवढं त्याने बदललं. पलीकडच्या वीटभट्टीचं धुराडं आणि कललेली पाण्याची टाकी तशीच ठेवली. आणि त्या एक मीटर साठवर त्याने एक दगडी पेटी पुरली, जिच्यात म्हणे कुठलीही साथ थोपवणारं प्राचीन औषध होतं.

टेकाडावर त्याला आधी वास आला. मग खड्डा दिसला. खड्डा कसला, डुकरांनी उकरावं तसं उकरलं होतं. गवत उपटलेलं, वाळू उधळलेली, चिप्सची पाकिटं, चिकट डबे. कोपऱ्यात कुणीतरी लघवी करून ठेवली होती, तीही एका कबरीत. बोटाएवढ्या बरगड्या फावड्याने तुटून राखाडी मातीत पडल्या होत्या. एका कवटीच्या पेल्याएवढ्या तुकड्यात कुणी सिगारेटी विझवल्या होत्या.  थापाड्याने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या क्षणी त्या रुमालाचीच त्याला लाज वाटली.

"हे बघ," म्हणत ताईने एक पान पुढे केलं. त्याच्याच कादंबरीतून फाडलेलं. आकड्यांवर पिवळ्या पेनाने रेघ मारली होती.

"ताई, मला काय माहीत लोक असे..."

"तुला काय माहीत होतं ते नको सांगूस. तिकडे अजून सहा कबरी शाबूत आहेत. राखणदार एकच आहे आणि तो सत्तर वर्षांचा आहे. आज संध्याकाळी तुझा कार्यक्रम आहे ना? तिथे उभा राहून सांग, की सगळं बनवलेलं आहे. आकडे, पेटी, सगळं."

"पाठीमागे छापलंय ताई. माझी सगळी पत त्यावर आहे."

ताईने नुसतं खड्ड्याकडे पाहिलं.

"सांगतो," तो म्हणाला.

प्रकाशकाने आधी डोक्याला हात लावला. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" पण थापाड्या हटला नाही. सभागृह खच्चून भरलेलं होतं. तो माइकसमोर उभा राहिला.

"या कादंबरीतली मोजमापं खोटी आहेत," तो म्हणाला. "मी ती बसल्या जागी रचली. तशी जागा कुठेही नाही. पेटी नाही, औषध नाही. कृपा करून कुणीही कुठेही खणू नका."

 मागून कुणीतरी ओरडलं, "पान दोनशे चौदा!" आणि हशा उसळला.

पान दोनशे चौदावर त्याच्या कादंबरीतले वृद्ध प्राध्यापक पत्रकारांपुढे उभे राहून सांगतात, की असं काहीही सापडलेलं नाही, कुणी खणू नका. त्यांच्यावर वरून दबाव आलेला असतो. आधीच्या आठही कादंबऱ्यांत कुणी ना कुणी असंच नाकारतं, आणि नाकारलं की समजायचं, खजिना तिथेच आहे. वीस वर्षं त्याने वाचकांना हे इमानेइतबारे शिकवलं होतं. विद्यार्थी हुशार निघाले.

"खरंच सांगतोय!" तो ओरडला. "मी शपथेवर सांगतो!"

"प्राध्यापकही शपथच घेतात, सर!" पहिल्या रांगेतल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रकाशकाचा चेहरा खुलला. तो थापाड्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "काय डोकं चालवलंत हो! मला आधी सांगायचं तरी!" त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. 

मग सह्यांची रांग लागली. एक सभ्य, चष्मेवाले गृहस्थ पुढे आले. शर्टाला कडक इस्त्री, हातात पुस्तक. त्यातलं एक पान नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडून धरलं तेव्हा थापाड्याला त्यांची नखं दिसली. नखांत राखाडी माती होती. ती माती त्याने सकाळी बुटांवरून खरवडून काढली होती.

"फार दबाव आला का, सर?" गृहस्थ हळूच म्हणाले. "काळजी करू नका. आम्ही आहोत."

थापाड्याला त्या माणसाची गचांडी धरायची होती. ओरडायचं होतं, दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला बोलवायचं होतं. रांग मोठी होती, लोक बघत होते. थापाड्याने सही केली. सवयीने खाली 'शुभेच्छांसह' असंही लिहिलं. नंतर प्रसाधनगृहात जाऊन त्याने तीनदा हात धुतले. किळस त्या माणसाची येत होती की आपली, हे काही त्याला ठरवता येईना.

तिथूनच त्याने ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं. 

"लहानपणापासून तू कसल्याही थापा मारायचास," ती म्हणाली, "आणि आई खऱ्या मानायची. उद्या सकाळी सातला ये."

सकाळी ताई गवताच्या कडेला उभी होती. शेजारी खुंट्या, दोरी, लहान थाप्या, ब्रश. त्याला समजायला वेळ लागला.

"तू... खणणार आहेस?"

"मी नाही खणलं तर ते खणतील." तिचा आवाज फाटलेला होता. "पन्नास वर्षांनी येणाऱ्यासाठी ठेवलं होतं रे. माझ्याकडे धड यंत्रसुद्धा नाही. जे वाचायला हवं ते वाचता येणार नाही, आणि मी ते कायमचं पुसून टाकणार. माझ्या हाताने." तिने बूट काढले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्या गवतावर गेली. गुडघे टेकताना तिला रडू फुटलं. ते तिने पुसलं नाही.

मग मागे न पाहता तिने हाताने दाखवलं. "तू ती चाळणी घे. त्यांनी उपसलेला ढीग चाळायचा. जे जाळीवर राहील ते पिशवीत, पिशवीवर क्रमांक, तारीख, कुठे सापडलं. काहीही टाकायचं नाही."

नऊ कादंबऱ्यांत थापाड्याने पंधरा उत्खननं केली होती. चाळणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली. तासाभरात त्याचे खांदे भरून आले. जाळीवर पाकिटं राहिली, थोटकं राहिली, दुधाचा एक दात राहिला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो त्याने पिशवीत घालून क्रमांक एक टाकला.

पुढच्या घमेल्यात चिखलाने माखलेली एक पट्टी निघाली, पुस्तकात खूण म्हणून ठेवतात तसली. त्याने अंगठ्याने चिखल पुसला. त्याचाच हसरा फोटो होता, आणि खाली, 'यातलं प्रत्येक मोजमाप खरं आहे.'

त्याने ती चुरगाळून खिशात घालायला घेतली.

"टाकायचं नाही म्हटलं ना," ताई खड्ड्यातून म्हणाली. "ते दाताच्याच ढिगात सापडलं ना? मग त्याच पानावर लिही. पन्नास वर्षांनी जो येईल, त्याला निदान कळू दे, इथे कोण कोण येऊन गेलं ते."

त्याने वही मांडीवर घेतली.  मोजणीच्या दगडापासून उत्तरेला एक्केचाळीस मीटर, पूर्वेला सतरा, त्याने लिहिलं, आणि पुढे, क्रमांक दोन, लेखकाचा फोटो.