अवधूतरावांचा मोकळा चोक

देऊळघाटच्या अवधूतरावांनी परदेशी बंदूक घेतली आणि ट्रॅप शूटिंग, म्हणजे यंत्रानं हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या टिपणं, शिकायला माझ्या रेंजवर आले. मी म्हटलं, "तबकडी आपल्यापासून दूर पळते. नळीच्या तोंडाले तंग चोक लावा, छर्रे जास्त पसरून विरळ होत नाहीत."

"मोकळाच लावा मास्तर," ते हसले. "ज्वारीवरचे पाखरं मी असेच उडवतो. छर्रे पसरलेच पायजेत."

पाखरं उडवायला नुसता आवाज पुरतो, हे या शहाण्याला कोण सांगणार!

पंचवीस तबकड्यांपैकी दोन फुटल्या. बाकीच्या सगळ्या गवतात सुखरूप उतरल्या.

"मास्तर, तुमच्या तबकड्याच लय पक्क्या हायेत."

मी त्यातली एक उचलून आणली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि चपलेनं हलकेच दाबली. तिचा भुगा झाला.