तीन कोरी मते

मंगळवार, १३ मे २००३. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. न्यू जर्सीतल्या हार्टवेल टाउनशिपच्या अग्निशमन केंद्रात मोहन टेंबेकर नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ पडदा ओढून मत द्यायला उभे राहिले. दीड मिनिटाने ते समाधानाने बाहेर आले. त्यांचे मत पडले नव्हते. त्या दिवशी हे फक्त मला माहीत होते.

मित्रांनो, मी एक जुने मतदान यंत्र आहे. क्रमांक चार. कोणी कोणाला मत दिले हे सांगणे माझ्या धर्मात बसत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण जे मत पडलेच नाही, त्याची गुप्तता कसली?

माझा जन्म १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात झाला. मला वीज लागत नाही. माझ्या पोटात दातेरी चाके आहेत, पुढे हिरवा पडदा आहे आणि वर एक लांब लाल दांडा आहे. दांडा उजवीकडे ओढला की पडदा बंद होतो. उमेदवाराच्या नावाशेजारचा छोटा खटका खाली केला की तिथे फुली दिसते. मग खटका तसाच खाली ठेवून दांडा डावीकडे न्यायचा. त्या क्षणी मत मोजले जाते, खटके आपोआप वर जातात आणि पडदा उघडतो. मन बदलले तर दांडा हलवण्याआधी खटका पुन्हा वर करता येतो. ही सोय ज्याने केली त्याने चांगल्या मनानेच केली असणार.

हार्टवेलच्या कौन्सिलमध्ये पाच सदस्य असतात. दर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्यांतल्या काही जागांची निवडणूक होते. मी आलो तेव्हा इथे बटाट्याची शेते होती आणि माझ्यावरच्या उमेदवारांच्या नावांच्या पट्टीवर आलटून पालटून तीनच आडनावे लागत. पुढे शेतांवर घरे झाली. जवळच्या वेस्ट विंडसर गावासारखेच इथेही आगगाडीने न्यूयॉर्कला जाणारे लोक राहायला आले, त्यांत पुण्या-नागपूरचेही आले. पट्टीवरची आडनावे मात्र बराच काळ तीच राहिली. लिओ नावाचा मेकॅनिक दर निवडणुकीआधी माझे आकडे शून्यावर आणी, तेल घाली आणि दांड्यावर थाप मारून म्हणे की या गावात खोटे न बोलणारा हा एकटाच. तेवढी स्तुती मला दोन वर्षे पुरत असे.

२००१ साली माझ्या पट्टीवर पहिल्यांदा एक मराठी नाव लागले. विनीता टेंबेकर. ती रसायनशास्त्रज्ञ, वीस वर्षे याच गावात. तिचे म्हणणे एकच होते: स्टेशन रोडला फुटपाथ हवा. दीड मैलांच्या त्या रस्त्यावर पायी जाणाऱ्याला कडेला रंगवलेल्या पांढऱ्या पट्टीवरून चालावे लागे आणि गाड्या अंगाला वारा घालून जात. रोज सकाळी त्या पट्टीवरून चालणाऱ्यांत तिचे वडील मोहन टेंबेकरही होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्या वेळी विनीता दोनशे बारा मतांनी पडली. आबा तेव्हा अमेरिकेचे नागरिक नव्हते. ते अग्निशमन केंद्राबाहेर घडीच्या खुर्चीत दिवसभर बसून राहिले.

पुढच्या वर्षी त्यांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली. त्र्याहत्तराव्या वर्षी राज्यघटनेचे प्रश्न पाठ केले, ते एका मतासाठी. हे मला कळले, कारण २००३च्या त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते. त्या वर्षी विनीता पुन्हा उभी होती. कौन्सिलमध्ये फुटपाथच्या बाजूने दोघे आणि विरुद्ध दोघे होते. सगळे तिच्या जागेवर येऊन थांबले होते. समोर बारा वर्षे सदस्य असलेला एक विमा एजंट होता.

टेबलापाशी दीपा नावाची स्वयंसेवक मतदारांना माझी छोटी प्रतिकृती दाखवत होती.

"काका, एकदा दाखवू का? दोन मिनिटं लागतील."

"अगं, चौतीस वर्षं विजेचं सबस्टेशन सांभाळलं मी, नागपूरला," आबा म्हणाले. "मला खटके शिकवतेस होय?"

दीपा हसली आणि तिने त्यांना आत सोडले.

त्यांनी दांडा ओढला. चष्मा पुसला. लेकीचे नाव बोटाने दोनदा वाचले आणि खटका खाली केला. फुली आली. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग निघायची वेळ झाली, आणि चौतीस वर्षांच्या सवयीचा हात आपणहून उठला. काम संपले की सगळे खटके वर, म्हणजे बंद, ही त्यांच्या सबस्टेशनची शिस्त होती. त्यांनी खटका वर केला. इतर नावांचे खटके वरच आहेत ना, तेही पाहिले. मग दांडा डावीकडे नेला.

मित्रांनो, मला तोंड नाही. माझी चाके थांबवण्याची मला मुभा नाही. किती माणसे येऊन गेली ते मोजणारा आकडा एकाने पुढे सरकला. विनीताच्या नावामागचा आकडा होता तिथेच राहिला.

रात्री आठनंतर मोजणी झाली. टपालाची मते धरून विमा एजंटला १,४१८ आणि विनीताला १,४१७. एका मताचा फरक. ते मत पडले असते तर बरोबरी झाली असती आणि त्या दोघांत पुन्हा निवडणूक घ्यावी लागली असती.

विनीताने फेरमोजणी मागितली. नऊ दिवसांनी टाउनशिपच्या सभागृहात लिओने माझी पाठ उघडली. आत आलेले मतदार ४८७. कौन्सिलची मते २६३ आणि २२१, म्हणजे ४८४. आकडे दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले. माझ्यात दोष नव्हता. तीन मते कोरी होती आणि कोरे मत देणे हा गुन्हा नाही.

विनीताचा नवरा शैलेंद्र वातावरण हलके करायला म्हणाला, "तीन महाभाग. रांगेत उभे राहिले, पडदा लावला आणि नुसतं दर्शन घेऊन गेले."

सगळे हसले, विनीताही हसली. आबा हसले नाहीत. ते माझ्या पट्टीवरच्या खटक्यांकडे बघत होते.

बाकीचे कॉफी घ्यायला गेले तेव्हा ते लिओजवळ आले आणि मोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारले की दांडा हलवण्याआधी खटका वर केला तर काय होते. लिओने तोंडाने उत्तर न देता करून दाखवले. खटका खाली, खटका वर, दांडा डावीकडे. मग मागे बोट दाखवले. आकडा जागचा हलला नव्हता. जणू तुम्ही आलाच नाहीत, असे तो म्हणाला. त्याने आबांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग कापडाने माझा दांडा गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिला.

विनीता परत आली. "आबा, चला. वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही मत दिलंत म्हणून एवढ्या जवळ तरी आले मी."

आबांचे ओठ हलले. मी वाट पाहिली.

"माझं जाकीट कुठे ठेवलंय गं?" ते म्हणाले.

सप्टेंबरमध्ये कौन्सिलने फुटपाथचा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला.

२००५ची निवडणूक ही माझी शेवटची. सरकारने नवीन कायदा करून सगळीकडे इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणायचे ठरवले होते. विनीता त्या वेळी उभी राहिली नाही. दोनदा पडले, बास झाले, असे तिने सांगितल्याचे रांगेत बोलत होते. आबा आले. कोणाला मत दिले ते सांगणार नाही. त्यांनी खटका खाली केला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले, जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते. मग एका हाताने दांडा नेला. ते मत पडले. ज्याची गरज होती ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

पुढच्या वर्षी ते टेक्सासमध्ये फ्रिस्कोला, मुलाकडे, संजीवकडे राहायला गेले. मला टाउनशिपच्या गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या नांगराच्या मागे ठेवले गेले. २००७ची निवडणूक नवीन यंत्रांवर झाली. निकाल मी गॅरेजमधल्या रेडिओवर ऐकला. फुटपाथविरोधी तिघांपैकी दोघे परत निवडून आले. लिओ निवृत्त झाला. माझ्या दांड्यावर गंज चढला आणि पडद्याला उंदरांनी भोक पाडले.

शनिवार, १५ नोव्हेंबर २००८. दुपारचा एक वाजला होता. शाळेला इतिहासाच्या वर्गासाठी जुने यंत्र हवे होते, ते बघायला विनीता आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला, रुहीला घेऊन आली. तिने रुहीला दांडा ओढून दाखवला, खटका खाली करायला लावला. फुली आली.

"आता तसाच राहू दे आणि दांडा ने," विनीता म्हणाली.

रुही हसायला लागली. "मॉम, आजोबांना हे जमणारच नाही. ही टर्न्स एव्हरीथिंग ऑफ. आपल्या घरी असताना फ्रिजचंपण बटण बंद करायचे."

विनीताही हसली आणि मध्येच थांबली. तिने रुहीला बाजूला केले आणि माझ्या उघड्या पाठीतले आकडे पाहून ठेवले. स्वतः खटका वर केला, दांडा डावीकडे नेला आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मागचे दार आता बंद होत नाही. तिने आकडे पुन्हा पाहिले. माणसे मोजणारा हलला होता, नावामागचा नाही.

"मॉम? व्हॉट हॅपन्ड?"



मित्रांनो, मला तेल घाला, गंज पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. घरातले वडीलधारे "मला येतं" म्हणाले तरी दोन मिनिटे काढून त्यांना दाखवा. आणि आपली चूक आपल्या माणसाजवळ बोलून टाका. ती लोखंडाजवळ ठेवून उपयोग नाही. लोखंड ती सांभाळते, पण हलकी करू शकत नाही.

विनीताने फोन काढला आणि फ्रिस्कोचा नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"आबा," ती म्हणाली, "जेवलात का?"

पुढचे बोलत ती बाहेर गेली. रुहीने शटर खाली ओढले. शाळेचा ट्रक अजून आलेला नाही.