शेवटची सोळा पानं

माझं सहसा चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, अनुभव आहे. पुस्तकबांधणीच्या धंद्यात माझी एकतीस वर्षं गेली. पान उलटं लागलेलं किंवा घडी तिरकी गेलेली असं एकही पुस्तक माझ्या दारातून बाहेर पडल्याचं मला आठवत नाही. घरातही तेच. दादानं घर घेतलं ते मी सांगितलेल्या गल्लीत आणि लग्न केलं ते मी पसंत केलेल्या मुलीशी. ती मुलगी म्हणजे माझी वहिनी, आणि ही गोष्ट तिच्या कादंबरीची आहे.

वहिनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. बोलते कमी, बघते फार. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला चिडवायला म्हणून ती 'वन्सं' म्हणाली, आणि मग तेच कायम झालं. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना एके दिवशी तिनं माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"वन्सं, वाचाल?"

"काय आहे?"

"प्रेम आहे आणि खून आहे," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

कादंबरीचं नाव 'दुसरा नमुना'. नायिका प्रयोगशाळेतच कामाला. एका विधुर माणसावर तिचा जीव जडतो. त्याच्या गेलेल्या बायकोच्या रक्ताचा एक जुना नमुना तिला थंड कपाटाच्या तळाशी सापडतो, ती तो गुपचूप तपासते, आणि त्यात विष निघतं. आता करायचं काय? माणूस तर आवडलेला. शेवटी ती त्याच्या घरी जाते. तो दोन कप कॉफी करून आणतो आणि एक तिच्यापुढे ठेवतो. ती कप उचलते. संपली कादंबरी.

मी दोन दिवसांत वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

"वहिनी, हे काय? ती पिते की नाही? मरते की जगते? माणसाला दोनशे पानं धावायला लावायचं आणि दारातूनच घालवून द्यायचं? वाचकाला घरी सुखरूप पोचवायला हवं!"

"मला इथंच संपवायचंय," ती म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय? माझ्या हाताखालून हजारो पुस्तकं गेलीत."

गेली होती खरी, पण शिवायला. वाचायला नव्हेत. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

आठवडाभरात वहिनीनं एक प्रकरण जास्तीचं लिहून आणलं. विष त्या विधुराच्या धाकट्या भावानं घातलेलं निघतं, पोलीस वेळेवर पोचतात, इन्स्पेक्टर तीन पानं खुलासा करतो, आणि समुद्रकाठी लग्न. मला इतकं आवडलं की मी नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत रडले. प्रकाशक मात्र कुरकुरले. छपाईचा मोठा कागद घडी घातला की त्याची सोळा पानं होतात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. कादंबरी बरोबर बारा फॉर्ममध्ये, एकशे ब्याण्णव पानांत, बेतून बसवली होती. माझ्या हट्टापायी तेरावा फॉर्म आला. पाचशे प्रती छापल्या, आणि बांधणीला अर्थातच माझ्याकडे आल्या.

पुस्तक बाहेर येऊन दोन महिने झाले तेव्हा वाचनालयानं रविवारी सकाळी वाचकांची बैठक ठेवली. माझ्या कारखान्यापासून चौथं दार. प्रकाशक आले होते आणि त्यांच्या पिशवीत वहिनीच्या दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित होतं. "आधी वाचक काय म्हणतात ते ऐकू, मग ठरवू," असं ते आठवडाभर म्हणत होते. पायऱ्या चढताना वहिनीनं माझं मनगट धरलं.

"आज जमलं नाही तर मी परत लिहिणार नाही, वन्सं. रुसून नाही म्हणत. जे येत नाही ते का करत बसायचं?"

"न जमायला काय झालंय? मी आहे ना," मी म्हटलं.

बैठकीत वीसेक माणसं होती. पहिल्या उठल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांचं बोलणंही त्यांच्या हातासारखं, एकदम मुळाशी. "प्रेमात पडणं म्हणजे काय हे मला या पुस्तकानं सांगितलं. समोरच्यानं दिलेला कप आपण तपासून पीत नाही. इतका धीट शेवट मी वर्षानुवर्षं वाचलेला नाही. दोन पेशंट ताटकळत ठेवून मी तो पुन्हा वाचला."

वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. माझी मान ताठ झाली. मनात म्हटलं, बघा, शेवट!

मग ग्रंथपाल उठले, चष्मा पुसत. "मधला भाग उत्तम. प्रयोगशाळेतला तो प्रसंग वाचताना मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. पण शेवट? तो इन्स्पेक्टर येऊन जे व्याख्यान झोडतो, त्यात सगळं मातीला मिळतं. लेखिकेला सुरुवात करता येते, थांबता येत नाही."

पाठोपाठ तिघांनी तीच री ओढली. शेवट चिकटवलेला वाटतो. शेवट कुणीतरी मागून लिहिल्यासारखा वाटतो. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "सॉरी, पण शेवटचं प्रकरण वाचून मला लेखिकेचाच राग आला." वहिनी मांडीवरच्या रुमालाला घड्या घालत होती आणि मोडत होती.

एवढ्यात गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई ताडकन उठल्या. "काय राग येतो हो? मला तर समुद्रकाठचं लग्न वाचून भरून आलं! माणसानं कधी आनंदात राहूच नये का?"

"कुणाचं लग्न?" मागच्या रांगेतून घड्याळदुरुस्तीवाले काका म्हणाले.

"तिचं आणि त्याचं! अजून कुणाचं?"

"बाई, तुम्ही भलतंच पुस्तक वाचून आलात. ती कप उचलते आणि पुस्तक संपतं. आणि मला ते मुळीच पटलेलं नाही. घड्याळ उघडायचं आणि तसंच टेबलावर टाकायचं, हा काय प्रकार?"

"काका, तुमची पानं चिकटली असतील," गाडीवाल्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समजुतीचा सूर लावला. "मला वाटतं, लग्न तुम्हाला दिसलं ते तुमच्या मनात. लेखिकेनं ते वाचकावर सोडलंय."

"मनात? अहो, तिच्या साडीचा रंगसुद्धा लिहिलाय!"

लोक हसले. मी मात्र हसले नाही. मी काकांच्या आणि गाडीवाल्या बाईंच्या हातांतल्या पुस्तकांची जाडी डोळ्यांनी मोजायला लागले.

प्रकाशकांनी गोंधळ थांबवला. वहिनीकडे न बघता ते म्हणाले, "मतं इतकी उलटसुलट असताना दुसऱ्या पुस्तकाची घाई नको. शेवट हाच यांचा कच्चा दुवा दिसतोय. तूर्त थांबू." वहिनीनं मान हलवली, जणू ते तिला आधीपासून माहीत होतं. मग ग्रंथपालांनी दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली.

मी सरळ डॉक्टरीणबाईंचं पुस्तक उचललं. शेवटचं पान उघडलं. एकशे ब्याण्णव. काकांचं उघडलं. एकशे ब्याण्णव. गाडीवाल्या बाईंचं दोनशे आठ.

कारखान्यापर्यंतची ती चार दारं मी कशी गेले मला माहीत नाही. जाताजाताच सगळं आठवलं. पुस्तक जुळवताना आम्ही लांब टेबलावर फॉर्मचे गठ्ठे ओळीनं मांडतो, आणि माझ्याकडच्या दोघी बायका टेबलाभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलतात. टेबलावर बाराच गठ्ठे मावतात. तेरावा मी स्टुलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरचा दिवा गेला. तो बदलायला मला स्टूल लागलं, म्हणून गठ्ठा खालच्या फळीवर सरकवला. दिवा लागला, बायका फिरायला लागल्या, आणि बारा गठ्ठे संपले की त्यांच्या लेखी पुस्तक पूर्ण.

तुम्ही म्हणाल, मग तपासलं नाही? तपासलं, एकेक तपासलं. प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर एक काळी खूण असते, दर फॉर्मला थोडी खाली. सगळे क्रमानं लागले की पाठीवर काळा जिना दिसतो. मधला फॉर्म राहिला तर पायरी तुटते, आणि तुटलेली पायरी मला दहा पावलांवरून कळते. पण शेवटचाच राहिला तर काही तुटत नाही. जिना एक पायरी आधी संपतो, एवढंच.

खालच्या फळीवर एका शाळेच्या वह्यांची कव्हरं रचलेली होती. ती बाजूला केली. खाली गठ्ठा तसाच होता, दोनशे चाळीस फॉर्म, सुतळीनं बांधलेले.

मी त्याच्यापुढे उकिडवी बसले. खोटं कशाला सांगू, झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मनात आलं. कुणाला कळणार होतं? लोक म्हणतील, चमत्कारिक पुस्तक आहे, ज्याला जसं दिसेल तसं. माझी एकतीस वर्षं शाबूत राहतील. पण तिकडे वहिनी रुमालाच्या घड्या घालत बसली होती, आणि ज्या शेवटासाठी तिला बोल बसत होते तो तिचा नव्हताच. माझा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल वहिनीचा होता आणि शहाणपण माझं. मला स्वतःची अशी शरम वाटली की तो गठ्ठा उचलताना पाठीत चमक भरली तेही बरंच वाटलं.

बैठक पुन्हा बसली होती. मी गठ्ठा पुढच्या टेबलावर आपटला.

"माझं ऐका. मी बांधणीवाली. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या पुस्तकात शेवटची सोळा पानं नाहीत. ती ही. लेखिकेची चूक नाही, छापखान्याची नाही, माझ्या बायकांची नाही. माझी आहे."

एवढं बोलून बसता आलं असतं. पण मी उभी राहिले.

"आणि दुसरी गोष्ट. हिनं पुस्तक कपापाशीच संपवलं होतं. ही सोळा पानं मी लिहून घेतली, हिच्या स्वयंपाकघरात उभी राहून, आरडाओरडा करून. तुम्ही ज्याला नावं ठेवलीत तो शेवट माझा आहे, आणि ज्याला धीट म्हटलंत तो हिचा."

मग काका उठले, गठ्ठ्यातला एक फॉर्म काढून उभ्याउभ्याच वाचायला लागले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. इन्स्पेक्टरचं व्याख्यान येताच त्यांनी तो मिटून परत ठेवला. "होतं ते बरं होतं," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी तर हातच लावला नाही. गाडीवाल्या बाईंनी मात्र आपलं पुस्तक छातीशी धरलं. "माझी पानं कुणी काढून घ्यायची नाहीत हं. मला लग्न आवडलंय आणि आवडणारच." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मी वहिनीकडे बघितलं. ती हसत असेल असं मला वाटलं होतं. ती रागावली होती. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"दीड वर्ष," ती हळू आवाजात म्हणाली. "दीड वर्ष मला वाटतंय की मला कळत नाही. दुसरी लिहिताना प्रत्येक पानावर थांबले, वन्सं काय म्हणतील म्हणून."

"वहिनी, माझं चुकलं."

"हो, चुकलं."

ती उठली आणि प्रकाशकांपुढे हात केला. त्यांनी न समजून पिशवीतून हस्तलिखित काढून दिलं. तिनं ते मागून उघडलं, पानं मोजली नाहीत, फक्त चाळत चाळत एका जागी थांबली. तिथून पुढचे कागद तिनं सोडवून घेतले आणि उरलेले त्यांना परत दिले.

"हे पूर्ण आहे. छापायचं तर असंच छापा. नाहीतर मी दुसरीकडे देते."

प्रकाशकांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, माझ्याकडे तर कसंनुसंच पाहिलं. मग शेवटचं पान वर काढून त्यांनी ते तिथंच वाचलं. वाचून झाल्यावर पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूकडे बराच वेळ बघत राहिले. "छापू," ते म्हणाले.

माझी जीभ काही गप्प बसेना. "वहिनी, ते काढलेले कागद... त्यांत काय होतं?"

"तुमच्यासाठी लिहिलेलं होतं."

"वाचू का?"

"नको." तिनं ते दुमडून पर्समध्ये टाकले आणि चेन लावली. "बांधणी तुमच्याकडेच द्यायची, ती दुसऱ्या कुणाला जमत नाही. पण हस्तलिखित आता तुमच्या घरी येणार नाही, वन्सं. छापून आल्यावर वाचायचं, सगळ्यांसारखं."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर रविवारी इथं यायचं," वहिनी म्हणाली, "मागच्या रांगेत बसायचं, आणि आपली पाळी आली की हात वर करून सांगायचं."