बिनफोडणीचं पिठलं

माझी माय गेली त्या दिवशी अख्खा चिकलठाणा आमच्या दारात होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही उपाशी होतो.

दुखाच्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बाया पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. पिठल्याला फोडणी नसते, कारण सुतकात फोडणीचा चर्र आवाज घरात होऊ देत नाहीत. हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या भागात कित्येक वर्षं तो एकटी माझी मायच पाळत होती. कुणाच्या घरी मयत झाली की बाया म्हणायच्या, "चतुराबाई हायेत ना." आता चतुराबाईच गेल्या, तर प्रत्येकीनं आमच्या खानावळीच्या शेडमधली ही मोठाली पातेली पाहिली, "यांना काय कमी हाय" असं मनाशी म्हटलं, डोळ्यांना पदर लावला आणि घर गाठलं. माझा असा संताप झाला म्हणता! इतक्यांना खाऊ घातलं तिनं, आणि एकीलाही साधी भाकरी सुचू नये?

माझं काय, मी पाण्यावर दिवस काढला असता. प्रश्न तात्यांचा होता. तात्यासाहेब, माझे वडील. त्यांचं साखरेचं दुखणं जुनं. पोटात अन्न गेल्याशिवाय गोळी द्यायची नाही आणि गोळी चुकवायचीही नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि तात्या काल सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले. ना अन्न, ना शब्द, ना डोळ्यांत पाणी. माझा भाऊ रामकिसन गडबडीत हॉटेलातून पुरी-भाजी घेऊन आला. सुतकात तळण! तात्यांनी तोंड फिरवलं. दूध नको, केळं नको. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. माय तर गेलीच, हेही हातचे जातात की काय, या धास्तीनं मला धड रडताही येईना.

त्यांच्या उपाशी राहण्यापेक्षा मला त्यांच्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटत होती. कारण हा माणूस नावं ठेवल्याशिवाय कधी जेवला नाही. भाकरी जाड, आमटी पातळ, ठेचा मिळमिळीत. रोज काहीतरी सापडायचंच. माय हसायची. "नावं ठेवू राहिले ना, मंग तब्येत झकास हाय," म्हणायची.

ती सगळ्यालाच हसायची. निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत पाचोडला जन्मली, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण डोकं म्हणाल तर वकिलाचं. तात्या कामाला होते त्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिनं रडारड केली नाही. शेजारच्या खोलीत परमुलखातला एक कामगार राहायचा. त्याची बायको त्याच सुमारास वारली. इथं त्याला ना नातं ना गोतं, भाकरी आणणार कोण? मायनं नेली. तो कामावर परतला तो तिच्या हाताची तारीफ करतच. मग डबे सुरू झाले, डब्यांची खानावळ झाली. धंदा कसा उभा केला असं कुणी विचारलं की ती खुशाल सांगायची, "मयतीतून." ऐकणारा गांगरायचा आणि तिला मजा यायची. नऊवारीचा काष्टा घट्ट करून, दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या लटकावून ती लुना चालवायची, तेव्हा जालना रोडचे ट्रकवालेसुद्धा तिला वाट द्यायचे. दुखाच्या घरचं पिठलं मात्र तिनं कधी विकलं नाही.

दुपारी फाटकाशी आवडाबाई दिसली. हातात पातेलं, वर फडक्यात बांधलेल्या भाकरी. आवडाबाई पूर्वी मायला आक्का म्हणत तिच्या हाताखाली भाकरी थापायची. पुढं तिनं रस्त्याच्या पलीकडंच स्वतःची खानावळ थाटली आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं उचलली. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. रामकिसन ताडकन उठला.

"तुम्ही कशाला आल्या? मही माय तुमचं तोंड पाहत नव्हती."

"नव्हती ना पाहत," आवडाबाई म्हणाली. "पर मही सासू मेली तवा पिठलं कुणी धाडलं? तूच आलता ना घेऊन? मी म्हनलं, आमचं भांडण हाय. तर तू म्हनला, माय म्हनती, भांडण भांडणाच्या जागी, भाकर भाकरीच्या जागी. सरक आता."

रामकिसन सरकला.

"कुणीच नाय आणलं?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली. तिनं गल्लीकडं तोंड करून जी शिवी हासडली ती इथं लिहिता येत नाही, पण तेवढ्यानं मला फार बरं वाटलं.

मग ती तात्यांसमोर बसली, ताटलीत पिठलं वाढलं, भाकरी ठेवली. "दाजी, घ्या." तात्या ताटलीकडं बघत राहिले. मायच्या वैरिणीच्या हातचं ते खातील, असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय," तात्या म्हणाले.

कालपासूनचे त्यांचे पहिले शब्द! माझ्या छातीवरचा धोंडाच कुणीतरी उचलला.

"कमीच घालायचं असतंय, दाजी," आवडाबाई हळू आवाजात म्हणाली. "आक्कानंच शिकवलं मला. म्हनायची, दुखाच्या घरी मीठ बेतानंच घाल. रडून रडून मानसाचं तोंड आधीच खारट झालेलं असतंय."

तात्या चावायचे थांबले. त्यांची हनुवटी हलायला लागली आणि मग कालपासून कोरडे असलेले त्यांचे डोळे वाहायला लागले. इतके, की मिश्या भिजल्या. आम्ही कुणीच त्यांना गप्प केलं नाही. त्यांनी डोळे पुसले नाहीत, हातही थांबवला नाही. तसेच रडत रडत दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "आता बरोबर लागतंय."

उभ्या आयुष्यात त्यांनी जेवणाला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला भडभडून आलं, आणि मीही आवडाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडून घेतलं.

तात्यांनी उरलेली भाकरी उचलली, उजेडाकडं धरून उलटसुलट पाहिली.

"भाकर मातर लई जाड थापली, आवडे."

रामकिसन गोळी आणायला आत पळाला.